नाणी तोलणारे पंडित : दामोदर धर्मानंद कोसंबी

धर्मानंद कोसंबी हे नाव बौद्ध घरांना नवं नाही. गोव्यातल्या साखवाळचे हे गृहस्थ १८९९ साली घर सोडून निघाले, सिलोन-ब्रह्मदेशात पाली शिकले आणि 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीला देऊन गेले. त्यांचे चिरंजीव दामोदर यांच्याबद्दल मात्र आपल्या वस्तीत फारसं बोललं जात नाही. म्हणून या स्मरणिकेत त्यांची ओळख करून द्यावी, असे आम्ही ठरवले.

दामोदरांचा जन्म ३१ जुलै १९०७ चा, गोव्यातील कोसबें गावचा. वडील पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले तेव्हा, १९१८ साली, तेही सोबत अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मोठ्या सन्मानाने मिळवून परतले. काशी, अलीगढ, पुढे पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज आणि १९४६ पासून मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था. सगळीकडे विषय गणितच. १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे सूत्र मांडले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

पण आम्हाला या माणसाचे नवल वाटते ते नाण्यांमुळे. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, हे बाजारात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. कोसंबींनी तेच धरलं. आधी आपल्या काळातली चालू नाणी तोलून नियम तपासला, मग तक्षशिलेला सापडलेली प्राचीन चांदीची नाणी एकेक करून तराजूत घातली. नाण्याच्या मागच्या बाजूला जितके ठसे जास्त, तितके वजन कमी भरत गेले. म्हणजे कोणतं नाणं किती जुनं, हे झीजच सांगू लागली. गणिताने इतिहासाला वाट दाखवली! आम्हाला यात तथागतांची अनित्यता दिसते. कोसंबींनी तसं म्हटलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

काव्याकडेही ते याच नजरेने वळले. भर्तृहरीच्या शतकांची शेकडो हस्तलिखिते ताडून, सर्वांत आढळणारे श्लोक कोणते आणि मागाहून घुसलेले कोणते, याची छाननी करून त्यांनी १९४८ साली आवृत्ती काढली. १९५७ मध्ये वि. वि. गोखले यांच्यासह 'सुभाषितरत्नकोश' संपादित केला. हा संग्रह बंगालच्या जगद्दल विहारातल्या विद्याकर नावाच्या बौद्ध पंडिताने सुमारे नऊशे वर्षांपूर्वी जमवला. बुद्धाच्या स्तुतीबरोबर त्यात ऋतूंवरचे आणि प्रेमाचेही श्लोक आहेत. विहारात एके काळी काव्याला एवढी मोकळी जागा होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसेल.

लेण्यांकडे पाहताना त्यांनी विचारलं, ही इथेच का? उत्तर पायी हिंडून शोधलं. जुन्नरजवळ नाणेघाट, कार्ले-भाजे-बेडसे बोरघाटाच्या अंगाला. म्हणजे लेणी व्यापाराच्या वाटेवर. आपल्या गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला लवकर कळावी. कार्ल्याच्या चैत्यात दाते म्हणून वैजयंतीचे श्रेष्ठी भूतपाल आहेत, धेनुकाकटचे यवन आहेत, तिथलाच एक सुतार आणि एक सुगंधी द्रव्ये विकणाराही आहे. कला राजाच्या खजिन्यातून तेवढी येत नाही.

याच अभ्यासातून त्यांनी एक कडू गोष्टही मांडली. विहारांनी आधी व्यापाराला आणि शेतीला हात दिला; पुढे त्यांच्याकडेच संपत्ती साचली, लोकांशी नातं तुटलं आणि धम्म क्षीण झाला, असं त्यांचं मत. ते मार्क्सवादी होते, सगळं अर्थकारणात बसवत. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. केवळ धनाने इतका मोठा विचार बुडत नाही. तरी वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने हे प्रकरण वाचावं, असं आम्हाला वाटतं.

शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. गणितातल्या एका फार अवघड प्रश्नाची १९५९ साली त्यांनी दिलेली सिद्धता टिकली नाही. १९६२ मध्ये संस्थेतला करार पुढे वाढला नाही. अणुशक्तीपेक्षा सूर्यशक्तीकडे वळा, हे त्यांचं सांगणंही तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८.

विहारातर्फे कार्ल्याची सहल निघेल तेव्हा स्तूपाला वंदन करून झाल्यावर दोन्ही बाजूंच्या खांबांवरची अक्षरेही मुलांना जरूर दाखवा. दान देणाऱ्यांची नावे तिथेच कोरलेली आहेत.