क्लॉड बॅटली : मोजायला शिकवणारे मास्तर

मुंबई सेंट्रल स्टेशनच्या समोरून आपल्या सोसायटीतले बहुतेक सभासद कधी ना कधी गेलेले असतील. आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस काही तिथं जात नाही, पण जवळच एस.टी.चं आगार आहे, त्यामुळे सोलापूरकराला तो भाग परका नाही. डिसेंबर १९३० मध्ये हे स्टेशन सुरू झालं. अवघ्या एकवीस महिन्यांत बांधून झालं आणि खर्च आला सुमारे एक कोटी छप्पन्न लाख. शापूरजी पालनजी हे कंत्राटदाराचं नाव आजही सर्वांना ठाऊक आहे. नकाशा ज्यांनी काढला त्या क्लॉड बॅटली साहेबांचं नाव मात्र वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसं कोणी घेत नाही. कंत्राटदार लक्षात राहतो, आर्किटेक्ट विसरला जातो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत घरांविषयी काही लिहावं असं ठरल्यावर मी याच माणसाविषयी लिहायचं ठरवलं.

बॅटली यांचा जन्म १८७९ चा, इंग्लंडच्या पूर्व भागातल्या इप्सविच या गावचा. वास्तुविद्येचं शिक्षण त्यांनी त्या काळच्या इंग्रजी रीतीप्रमाणे घेतलं. म्हणजे एखाद्या आर्किटेक्टच्या ऑफिसात उमेदवारी करायची, आधी रेघा मारायच्या, दुसऱ्यांच्या नकाशांच्या नकला करायच्या, साइटवर जायचं, आणि हात बसला की स्वतःचं काम सुरू करायचं. आपल्याकडे सुताराचा पोरगा बापाच्या हाताखाली शिकतो तसंच हे. पुढे केटरिंग आणि लंडन इथं काम करून १९१३ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षाच्या आसपास, ते मुंबईला आले.

त्या वेळी मुंबईत वास्तुकलेचं शिक्षण कुठवर आलं होतं हे थोडं सांगितलं पाहिजे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा निघाली, तीच आपली जे.जे. तिथे १८९६ साली वास्तुकलेशी संबंधित वर्ग सुरू झाला, पण तो ड्राफ्ट्समन तयार करण्यासाठी. साहेब कल्पना मांडणार आणि आपली मुलं ती सुबक रेघांत उतरवणार, अशी ती वाटणी. सरकारचे सल्लागार आर्किटेक्ट जॉन बेग यांनी पुढाकार घेतल्यावर चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आखला गेला, आणि १९१३ च्या सुमाराला स्वतंत्र विभाग उभा राहिला. म्हणजे बॅटली मुंबई बंदरात उतरले आणि नकाशा उतरवणाऱ्या मुलाने नकाशा रचणारा व्हायचं हे ठरलं, या दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी घडल्या. लगेच पुढच्या वर्षापासून ते तिथं शिकवायला जाऊ लागले.

१९१७ साली ते भागीदार झाले आणि त्यांची ग्रेगसन, बॅटली अँड किंग ही फर्म नावारूपाला आली. त्याच वर्षी जे.जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या मुलांनी आपली एक संघटना काढली. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. पोरांच्या त्या मंडळाचीच पुढे, १९२९ साली, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. बॅटलींनीही तिचं अध्यक्षपद सांभाळलं. १९२३ पासून १९४३ पर्यंत, तब्बल वीस वर्षं, ते जे.जे.च्या वास्तुकला विभागाचे प्रमुख होते, आणि या सर्व काळात फर्मचं कामही चालूच होतं. सकाळी फळ्यापुढे आणि दुपारी बांधकामावर अशा माणसाचं शिकवणं आणि नुसत्या पुस्तकावरून शिकवणाऱ्याचं शिकवणं यात फरक पडणारच.

आता मुख्य गोष्ट. बॅटलींनी मुलांना काय शिकवलं? वर्गात ग्रीक खांब, रोमन कमानी, इंग्रजी पुस्तकांतले नमुने हे होतंच. पण त्यांनी मुलांना हातात टेप देऊन बाहेर काढलं. आपल्याच देशातली जुनी देवळं, मशिदी, राजवाडे, घरं जाऊन मोजा, मोजून प्रमाणात कागदावर उतरवा, मग त्याबद्दल बोला. एक इंग्रज माणूस हिंदी मुलांना त्यांच्याच पूर्वजांच्या इमारतींकडे पाठवत होता, हे मला फार विलक्षण वाटतं. त्या काळात शिकलेल्या माणसाला गावच्या वाड्याची लाजच वाटायची, बंगला हवा असायचा.

मोजण्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. करून बघावं. खोलीच्या चार बाजू मोजल्या की खोली समजली असं आपल्याला वाटतं. मग दोन्ही कर्ण मोजले की कळतं, खोली काटकोनात नाहीच, एका कोपऱ्यात सरकलेली आहे. का सरकली? तर पलीकडे रस्ता वाकडा आहे, किंवा जुनी विहीर आहे. भिंतीला ओळंबा लावला की कळतं, भिंत वर निमुळती होत गेली आहे. मग खिडकीची उंबऱ्यापासूनची उंची, छज्जा भिंतीपासून किती पुढे आला आहे, जोतं जमिनीपासून किती वर आहे, हे एकेक टिपायचं. शेवटी इमारत उभी कापल्यासारखा छेद काढायचा. छेद काढताना त्या गवंड्याच्या डोक्यात काय होतं ते दिसायला लागतं. नुसतं बघून माणूस वा म्हणतो आणि पुढे जातो. मोजणाऱ्याला प्रत्येक आकड्याला का असं विचारावं लागतं.

आपल्याच जिल्ह्यातलं माळवदाचं घर घ्या. बाहेरून पाहिलं तर मातीचा ठोकळा. मोजायला गेलं तर भिंतीची रुंदी दोन-दोन हात, दारं-खिडक्या लहान, वर तुळया, त्यावर फळ्या-काटक्या आणि त्यावर हातभर मातीचा थर. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४४ च्या वर गेला तरी आतला सोपा गार राहायचा, याचं कारण या आकड्यांत आहे. ज्यांचं बालपण अशा घरात गेलं त्यांना मी वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात गळायचंही, दरवर्षी वर माती टाकावी लागायची, पाली-विंचू असायचे, तेही खरं. जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. आणि बॅटलीही तसं म्हणणारे नव्हते.

मुलांच्या या मोजमापांच्या आधारावर त्यांचं भारतीय वास्तुकलेच्या रचनाविकासावरचं इंग्रजी पुस्तक १९३४ साली निघालं. त्यात मजकूर बेताचाच, मुख्य ऐवज रेखाचित्रांचा. पुस्तकाची आवृत्ती त्यांच्या पश्चातही निघाली. परीक्षेला लागणारं नसूनही टिकलेलं हे पुस्तक आहे.

माणूस म्हणून त्यांच्यातली विसंगतीही सांगायला हवी, नाहीतर हे नुसतं गुणगान होईल. वर्गात ते या मातीला, या हवेला साजेलसं बांधा म्हणत. पण फर्मकडे येणारी गिऱ्हाइकं संस्थानिक, रेल्वे कंपन्या, बॅरिस्टर. १९३६ च्या सुमाराला मलबार हिलवर बॅरिस्टर जीनांचा जो बंगला त्यांनी उभा केला, ज्याच्या मालकीचा वाद आपण आजवर वर्तमानपत्रांत वाचतो, त्यात इटालियन संगमरवर आणि अक्रोडाचं लाकूडकाम आहे. जीनांनी बांधकामावर स्वतः बारीक लक्ष ठेवलं होतं म्हणतात. वांकानेरच्या महाराजांसाठी समुद्राकाठी बांधलेला प्रासाद, जिथे पुढे अनेक वर्षं अमेरिकी वकिलात होती, तोही बॅटलींचाच. गिऱ्हाईक राजा असतं हे बँकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. तरी मला वाटतं, जे स्वतःच्या धंद्यात पुरतं साधलं नाही ते त्यांनी विद्यार्थ्यांकडून साधायचा प्रयत्न केला.

ते विद्यार्थी कोण होते पाहा. पेरीन मिस्त्री या १९३६ साली इथून पदविका घेऊन बाहेर पडल्या. आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतात. ज्या काळात मुलीनं कॉलेजात जाणं हाच चर्चेचा विषय होता, त्या काळात ही मुलगी बांधकामाच्या नकाशांवर काम करत होती, आणि पुढे वडिलांच्याच फर्ममध्ये तिनं व्यवसाय केला.

दुसरे अच्युत कानविंदे. कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म १९१६. १९३५ साली जे.जे.मध्ये दाखल झाले. पुढे भारत सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवलं. तिथं वॉल्टर ग्रोपियस हे आधुनिक वास्तुकलेचे मोठे आचार्य शिकवत होते. ग्रोपियस यांचं शिक्षण बॅटलींच्या अगदी उलट दिशेचं: जुन्या शैली बाजूला ठेवा, गरज काय, साहित्य काय, यावरून नव्याने विचार करा. कानविंदे परत आले ते नवमताचे होऊन. काँक्रीट, सरळ रेषा, नक्षीला रजा. बॅटलींना ही नवी लाट फारशी मानवणारी नव्हती. थंड देशातला नमुना गरम देशात जसाच्या तसा उभा करणं त्यांना पटत नसे. पण कानविंदे यांनी कानपूरला आय.आय.टी.चा जो परिसर रचला तो पाहिला तर इमारती काँक्रीट-विटांच्या आणि नव्या घडणीच्या, आणि एका इमारतीतून दुसरीत जायला सावलीचे आच्छादित मार्ग. कानपूरचा उन्हाळा आपल्यासारखाच कडक. हार्वर्डचा धडा आणि जे.जे.चा धडा तिथं एकत्र दिसतो, निदान मला तरी दिसतो. गुरू आणि शिष्य यांचं पटलं नाही तरी शिकवण कुठंतरी झिरपत राहते.

१९४३ साली बॅटली जे.जे.मधून निवृत्त झाले. १९४७ नंतर बरेच साहेब लोक बोटी पकडून मायदेशी गेले. हे गेले नाहीत. १९४९ साली, सत्तरीला टेकल्यावर, त्यांनी मुंबईच्या घरांविषयी एक छोटं पुस्तक लिहिलं. राजवाडे आणि स्टेशनं बांधलेल्या माणसाला म्हातारपणी लिहावंसं वाटलं ते लोक राहतात कसे याविषयी. १९५२ साली जे.जे.चा वास्तुकला विभाग मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला आणि पदविकेच्या जागी पदवी आली. १९५६ साली बॅटली मुंबईतच वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांच्या विभागाचं स्वतंत्र सर जे.जे. वास्तुकला महाविद्यालय झालं.

आज बारावीला गणित, मग नाटा ही प्रवेश परीक्षा, मग पाच वर्षं बी.आर्क., त्यात एक सत्र एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष काम, आणि शेवटी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी. हे सारं १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याखाली. नोंदणी नसेल तर आर्किटेक्ट ही उपाधी लावता येत नाही. मात्र कायदा नावाचं संरक्षण करतो, इमारतीचा नकाशा दुसऱ्या कुणी काढू नये असं म्हणत नाही. सुप्रीम कोर्टानेही २०२० साली हेच स्पष्ट केलं. गृहकर्जाच्या फायली तपासताना मी शेकडो नकाशे पाहिले. शिक्का आहे का, सही आहे का, मंजुरीचा क्रमांक आहे का, एवढं आम्ही पाहायचो, तेच आमचं काम होतं. सही एकाची आणि हात दुसऱ्याचा, हे कागदाच्या तोंडावरून समजायचं. संध्याकाळचं ऊन कुठल्या खोलीत शिरणार हा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे पुढच्या वार्षिक सभेत येणारा दुरुस्तीचा आणि दर्शनी भाग नवा करण्याचा ठराव. पंचवीस वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आणि गळती थांबवणं अत्यावश्यक आहे, त्याला माझा पाठिंबा आहेच. पण पश्चिमेच्या बाजूला छज्जे काढून सपाट करायचं आणि वर चकचकीत पत्रे व काचा बसवायच्या, असं जे चित्र सूचना फलकावर लावलं आहे, त्याबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. सोलापुरात मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावलीच उरत नाही. तेव्हा तापते ती गच्ची. चार वाजल्यानंतर तो पश्चिमेकडून तिरपा आत शिरतो, तेव्हा छज्जा, जाळी, समोरचं झाड हेच कामाला येतं. आज तिकडच्या छज्ज्यांची लांबी किती, ती पुरते की आणखी वाढवायला हवी, हे एकाही सभासदाला सांगता येणार नाही. आपल्या फायलीत मंजूर नकाशाची प्रत आहे, पण तिच्यात सगळ्या बाल्कन्या उघड्या आहेत आणि गच्चीवर शेड नाही. प्रत्यक्षात काय आहे ते आपण रोज बघतोच. म्हणजे आज उभ्या असलेल्या इमारतीचा नकाशा आपल्यापाशी नाही.

ठराव मतास टाकण्याआधी नोंदणीकृत आर्किटेक्टकडून इमारत आहे तशी मोजून घ्यावी, अशी माझी लेखी सूचना मी सचिवांकडे दिली आहे. बी विंगमधली आपली एक मुलगी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती आणि तिच्या दोन मैत्रिणी आर्किटेक्टच्या हाताखाली हे काम करायला तयार आहेत. त्यांनी बेल वाजवली तर कृपया बाल्कनीतलं सामान जरा बाजूला करून द्यावं. सोसायटीच्या ऑफिसातली टेप पंधरा मीटरची आहे, त्यांना तीस मीटरची लागेल. ती मी आणून ठेवतो.