कोलेस्टेरॉलला नाव देणारे शेव्हरल

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांचा जन्म १७८६ मध्ये आँजे शहरात झाला. पॅरिसमध्ये त्यांनी अनेक वर्षे चरबी आणि साबणावर संशोधन केले. पित्ताशयातील खड्यांमधल्या मेणचट पदार्थापासून साबण तयार होत नाही, म्हणजेच तो साधी चरबी नाही, हे त्यांनी दाखवले. १८१५ च्या सुमारास त्यांनी पित्त आणि घट्ट या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्याला ‘कोलेस्टेरीन’ हे नाव दिले. १८८९ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हाच पदार्थ पेशींच्या आवरणाला बळकटी देतो आणि त्यापासूनच कॉर्टिसॉलसारखी संदेशवाहक संप्रेरके बनतात, हे पुढे समजले. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रक्तातील जादा एलडीएल कमी करतात. पेशींना लागणारे कोलेस्टेरॉल शरीर बनवत राहते. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका.