जसा रस्ता, तसा टायर : हार्वे फायरस्टोन

पिकअप गाडीचे टायर गुळगुळीत झाले की मालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो नक्षीचा. भाजीपाला घेऊन नाशिकहून वाशीच्या बाजारात जाणारी, वर्षातले बहुतेक दिवस डांबरावरच धावणारी गाडी असली, तरी दुकानात अनेकांचा हात जातो तो खोल खाचांच्या रांगड्या टायरकडे. वास्तविक अशा गाडीला सलग पट्ट्यांची, म्हणजे 'रिब' पद्धतीची नक्षी मानवते. ती कमी घरंगळते असे नव्हे, उलट सहज घरंगळते. त्यामुळे इंधन वाचते, आवाज कमी होतो आणि झीजही सावकाश होते. कोणत्या रस्त्याला कोणता टायर, हा विचार ज्यांनी आयुष्यभर केला आणि त्यावर अवाढव्य उद्योग उभारला, त्या मोजक्या माणसांत हार्वे सॅम्युएल फायरस्टोन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबियाना गावाजवळच्या शेतावर २० डिसेंबर १८६८ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे जर्मन. 'फॉयरश्टाइन' म्हणजे गारगोटी, त्याचेच इंग्रजी रूप फायरस्टोन. शेतकऱ्याच्या या मुलाला विक्रीची कला उपजत होती. तरुणपणी त्यांनी कोलंबस बग्गी कंपनीत नोकरी धरली. बग्गीच्या चाकांना तेव्हा लोखंडी धाव असे आणि दगडी फरसबंदीवर तिचा खडखडाट जीव नकोसा करी. फायरस्टोन डेट्रॉइटमध्ये रबरी धाव बसवलेली बग्गी हाकत असत. त्याच शहरात, १८९५ च्या सुमारास, वीज कंपनीत काम करता करता स्वतःची मोटार जुळवू पाहणाऱ्या एका तरुणाशी त्यांची ओळख झाली. त्याचे नाव हेन्री फोर्ड.

शिकागोत काही वर्षे टायरविक्रीचा व्यवसाय करून ते अक्रन शहरी आले आणि ऑगस्ट १९०० मध्ये त्यांनी फायरस्टोन टायर अँड रबर कंपनी स्थापन केली. आरंभी स्वतःचे उत्पादन नव्हतेच. टायर दुसरे करीत, हे विकत. १९०३ मध्ये बारा कामगारांनिशी कारखाना सुरू झाला. १९०६ मध्ये फोर्ड यांनी २,००० मोटारींसाठी टायरचे संच मागवले आणि या छोट्या कंपनीचे दैव पालटले.

पुढची दोन दशके हा त्यांच्या आयुष्याचा खरा कस लागण्याचा काळ. त्या वेळचा टायर अल्पायुषी असे. पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून, घाम गाळून तो रिमवरून सोडवावा लागे. फायरस्टोन यांनी रिमच चाकापासून वेगळी करता येईल अशी रचना बाजारात आणली. हवा भरलेला जादा टायर रिमसह गाडीवर बाळगता येऊ लागला. (आपल्याकडचा 'स्टेपनी' हा शब्द मात्र अमेरिकेचा नव्हे, तो वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी मार्गावरून आला, जिथे जादा चाकाचा असाच एक उद्योग सुरू झाला होता.)

दुसरी सुधारणा नक्षीची. आरंभीचे टायर गुळगुळीतच असत आणि ओल्या रस्त्यावर घसरत. १९०८ च्या सुमारास फायरस्टोन यांनी टायरवर तिरकी अक्षरे उठवली. ती न घसरण्याची ग्वाही देणारी, कंपनीच्या नावासह. अक्षरांच्या कडा रस्ता धरून ठेवत आणि धुळीच्या वाटेवर गाडी गेली की मागे कंपनीचे नाव छापले जाई. पकड आणि जाहिरात एकाच साच्यातून काढणाऱ्या या कल्पनेला दाद द्यावीच लागेल. १९११ मध्ये इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरून यांनी जिंकली, ती फायरस्टोनच्या टायरवर.

परंतु त्यांचे अधिक महत्त्वाचे काम मालमोटारींशी निगडित आहे. मालमोटारी तेव्हा भरीव रबरी टायरवर चालत. गती बेताची, मालाला हादरे आणि रस्त्यांची चाळण. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फायरस्टोन यांनी माल मोटारीने पाठवा, अशी मोहीम देशभर उघडली. हवेचे टायर आणि पक्के रस्ते या दोन गोष्टींचा आग्रह धरला. स्वार्थ होताच, तो त्यांनी लपवलाही नाही. १९१९ मध्ये अमेरिकी लष्कराचा मोटारतांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला, तेव्हा वाटेत कोलंबियानाच्या शेतावर त्याला मेजवानी मिळाली. त्या तांड्यात तरुण अधिकारी ड्वाइट आयझेनहॉवर होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर, १९५६ मध्ये, त्यांनीच आंतरराज्य महामार्गांच्या कायद्यावर सही केली.

रस्ते पक्के होऊ लागले तसा टायरही बदलला. १९२३ मध्ये फायरस्टोन यांनी 'बलून' टायर आणला : रुंद, मऊ, जुन्या टायरपेक्षा कितीतरी कमी दाबाच्या हवेवर चालणारा. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये कारखान्यातच बांधलेली आपली पहिली पिकअप विक्रीस काढली, ती याच काळात. याउलट शेतातला ट्रॅक्टर लोखंडी चाकांवर अडून बसला होता. फायरस्टोन यांनी स्वतःच्या शेतावर प्रयोग करून १९३२ च्या सुमारास ट्रॅक्टरसाठी हवेचा, उंच दातऱ्यांचा टायर सिद्ध केला. मातीसाठी दातरे आणि पक्क्या सडकेसाठी पट्ट्या, ही विभागणी तेव्हापासून ठळक झाली. आज पिकअपला हौसेने चढवल्या जाणाऱ्या चिखलाच्या नक्षीचे नाते सडकेपेक्षा त्या शेताशी अधिक आहे.

या यशाची दुसरी बाजू आफ्रिकेत आहे. १९२२ मध्ये ब्रिटनने मलाया आणि सिलोनमधील रबराच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पौंडाला वीस सेंटांच्या खाली गेलेले रबर १९२५ मध्ये एक डॉलरच्या वर पोहोचले. परक्याच्या रबरावर अवलंबून राहायचे नाही, असे ठरवून फायरस्टोन यांनी १९२६ मध्ये लायबेरियाशी करार केला : दहा लाख एकरांपर्यंत जमीन, ९९ वर्षांसाठी, एकरी सहा सेंट खंडाने. जोडीला त्या देशाला ५० लाख डॉलर कर्जाची तजवीज, तीही अशा अटींवर की लायबेरियाच्या तिजोरीवर परक्यांची देखरेख आली. मळ्याच्या वसाहतीला त्यांनी स्वतःचे आणि पत्नी आयडाबेल यांचे नाव एकत्र करून 'हारबेल' म्हटले. १९३० मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगाने लायबेरियातील वेठबिगारीवर कोरडे ओढले आणि अध्यक्ष चार्ल्स किंग यांना पायउतार व्हावे लागले. कंपनीने जाणूनबुजून वेठबिगार राबवले, असा ठपका आयोगाने ठेवला नाही. तथापि सरकारी यंत्रणा आणि गावप्रमुखांमार्फत मजूर गोळा करण्याच्या पद्धतीत सक्ती होती, हे नाकारता येणार नाही. फोर्ड आणि एडिसन यांच्यासमवेत रानावनात तंबू ठोकून रमणाऱ्या या मनमिळाऊ गृहस्थाच्या चरित्रातले हे पान गाळून चालणार नाही.

घरच्या कामगारांशीही सारे सुरळीत नव्हते. २९ जानेवारी १९३६ च्या पहाटे अक्रनच्या कारखान्यात मालमोटारींचे टायर बांधणाऱ्या कामगारांनी यंत्रे थांबवली आणि जागेवरच ठाण मांडले. अमेरिकेतील बैठ्या संपांच्या लाटेचा आरंभ म्हणून तो दिवस ओळखला जातो. मुंबईत शिवडीला पुढे फायरस्टोनचा कारखाना निघाला. त्याच्या कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलेला, बडतर्फीच्या शिक्षेची छाननी करण्याच्या न्यायाधिकरणाच्या अधिकाराविषयीचा खटला आणि त्यावरील १९७३ चा निकाल आपल्याकडील कामगार कायद्याच्या अभ्यासकांना पाठ असतो.

७ फेब्रुवारी १९३८ रोजी फ्लोरिडातील मायामी बीच येथे फायरस्टोन झोपेतच निवर्तले. १९८८ मध्ये त्यांची कंपनी जपानच्या ब्रिजस्टोनने विकत घेतली. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. त्यांतले बरेचसे फोर्डच्या 'एक्स्प्लोरर'वर होते. ही गाडी पिकअपच्या सांगाड्यावर बांधलेली, पण बहुतेक वेळ महामार्गावरच पळणारी. भर वेगात टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकेत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फोर्डने टायर सदोष ठरवले. टायर कंपनीने गाडीच्या रचनेकडे आणि फोर्डने सुचवलेल्या हवेच्या कमी दाबाकडे बोट दाखवले. कमी हवेचा टायर वेगात तापतो, ही बाब दोघांनाही ठाऊक होती. मे २००१ मध्ये टायर कंपनीने फोर्डशी असलेले व्यापारी संबंध तोडले. त्या वेळी फोर्डच्या अध्यक्षपदी विल्यम क्ले फोर्ड हे होते. ते हेन्री फोर्ड यांचे पणतू आणि आईकडून हार्वे फायरस्टोन यांचेही पणतू.