उष्णतेपासून गारवा : कै. रोहिंटन आगा

शिवाजीनगरहून चिंचवडकडे निघाले की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वाकडेवाडीला थरमॅक्स कंपनीची इमारत लागते. बसच्या खिडकीतून ती पाटी मी अनेकदा वाचली होती. तेथे बॉयलर तयार करणाऱ्या कंपनीचे कार्यालय आहे, एवढेच मला ठाऊक होते. बॉयलर म्हणजे आग, वाफ आणि घाम. पण हीच कंपनी आगीपासून गारवा निर्माण करणारी यंत्रेही बनवते हे जेव्हा समजले, तेव्हा प्रथम विश्वास बसला नाही. चौकशी करता करता या कंपनीला आकार देणाऱ्या कै. रोहिंटन आगा यांच्या चरित्राशी ओळख झाली. ते कळल्यावर ते आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले.

रोहिंटन आगा हे पारशी समाजातील. आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावे असे की, ते इंजिनिअर नव्हते. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील हार्वर्ड येथे व्यवस्थापनाचा अभ्यास केला. त्यांचा विवाह अनु बाथेना यांच्याशी झाला. अनुताईंचे वडील ए. एस. बाथेना हे धडपडे उद्योजक होते. रुग्णालयांना लागणाऱ्या साहित्याच्या व्यवसायातून ते वाफेच्या यंत्रांकडे वळले आणि 1966 मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन या कंपनीच्या सहकार्याने त्यांनी वॅन्सन इंडिया ही कंपनी काढली. आरंभी लहान बॉयलर बनवणारी ही कंपनी पुढे मुंबईहून पुण्यास आली. आगा यांनी आधी दुसरीकडे नोकरी केली आणि नंतर ते सासऱ्यांच्या कंपनीत आले. हळूहळू कारभाराची सूत्रे त्यांच्याकडे आली. 1980 मध्ये कंपनीने थरमॅक्स हे नाव धारण केले.

सारे काही सुरळीत चालले असताना 1982 साली आगा यांच्यावर मोठा आघात झाला. त्यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यापाठोपाठ पक्षाघाताने त्यांना गाठले. शरीर तर दुबळे झालेच. पण त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे भाषा आणि आकडे त्यांच्या हातून निसटले. ज्याने केंब्रिजला अर्थशास्त्राचे ग्रंथ वाचले, ताळेबंद ज्याच्या जिभेवर असत, त्याला अक्षरे आणि अंक पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागले.

मोठ्या माणसाला अक्षरे शिकताना काय वाटते, हे मी घरात पाहिले आहे. माझ्या आईने चाळिशी उलटल्यावर माझ्याच जुन्या पाटीवर स्वतःचे नाव लिहायला घेतले, तेव्हा ती दार लावून बसत असे. कष्टापेक्षा संकोचच अधिक असतो. आईला जे कधीच मिळाले नव्हते ते ती मिळवत होती. आगा यांना मात्र मिळवून गमावलेले पुन्हा मिळवायचे होते आणि तेही शेकडो कामगारांचा पोशिंदा म्हणून सर्वांच्या देखत. तेथे दार लावून घेण्याची सोय नव्हती. तरी त्यांनी तो अभ्यास चिकाटीने केला आणि ते पुन्हा कामावर रुजू झाले. समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या अनुताई 1985 मध्ये कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करू लागल्या.

त्याच ऐंशीच्या दशकात कंपनीने शोषण पद्धतीच्या शीतयंत्रांचे काम हाती घेतले. हे यंत्र कसे चालते ते सांगण्यासाठी विज्ञानाच्या विद्यार्थ्याची गरज नाही. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण पाझरलेले पाणी वाफ होऊन उडताना उष्णता बरोबर घेऊन जाते. पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटते, कारण मीठ हवेतली वाफ शोषून घेते. आणि मिठागरात उन्हाने पाणी उडून गेले की मीठ परत हाती येते. या तीन घरगुती गोष्टी एका बंद भांड्यात एकत्र केल्या की शोषण शीतयंत्र झाले.

फरक एवढाच की, त्या भांड्यातली हवा काढून टाकलेली असते. डोंगरावर पाणी कमी तापमानाला उकळते हे आपण शाळेत शिकलो. बाहेरच्या हवेच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच दाब ठेवला तर पाणी चार-पाच अंश सेल्सिअसलाच उकळू लागते आणि शेजारच्या नळीतील पाण्याची उष्णता ओढून त्याला थंड करते. तयार झालेली वाफ लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराचे तीव्र द्रावण शोषून घेते. पातळ झालेले द्रावण तापवले की पाणी वेगळे होते, त्याची वाफ थंड करून पुन्हा पाणी करतात आणि चक्र चालू राहते. नेहमीच्या शीतयंत्रात वाफ दाबण्याचे काम विजेवर चालणारा कॉम्प्रेसर करतो; येथे ते काम क्षार आणि उष्णता मिळून करतात. वीज लागते ती मुख्यतः लहान पंपांपुरती.

ही कल्पना नवी नव्हे. फ्रान्सच्या फर्डिनांड कारे यांनी 1859 च्या सुमारास अमोनिया आणि पाणी वापरून असे यंत्र बनवले. 1922 मध्ये स्टॉकहोमच्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी एकही फिरता भाग नसलेला फ्रीज शोधला. त्याच तत्त्वावरचे रॉकेलचे फ्रीज वीज नसलेल्या गावांत लसी टिकवण्यासाठी वापरले गेले. खुद्द आइन्स्टाइन यांनीही लिओ झिलार्ड यांच्यासह अशा फ्रीजवर काम केले होते. पुढे वीज स्वस्त आणि सर्वत्र झाली, तसा कॉम्प्रेसर पुढे गेला व शोषणयंत्र मागे पडले.

मग आपल्याकडे त्याची गरज का भासली? ऐंशीच्या दशकात कारखान्यांना वीजकपातीला तोंड द्यावे लागत होते. दुसरीकडे त्याच कारखान्यांच्या धुराड्यांतून उष्णता फुकट वर जात होती. साखर कारखान्यात उसाच्या चिपाडावर वाफ तयार होते. रासायनिक व कापडाच्या कारखान्यांतही उरलेली वाफ असते. ती वाया जाणारी उष्णता देऊन गार पाणी मिळाले तर विजेचा भार हलका होतो. शिवाय 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला घातक असलेले शीतकांचे वायू बंद करण्याचे जगाने ठरवले. शोषणयंत्रात तर साधे पाणीच शीतकाचे काम करते.

या यंत्राला मर्यादाही आहेत, त्या सांगितल्या पाहिजेत. ते आकाराने मोठे असते आणि बाहेर टाकायची उष्णता अधिक असल्याने कूलिंग टॉवरला पाणी जास्त लागते. एक भाग उष्णता दिली तर साध्या यंत्रात सुमारे 0.7 भाग आणि दुहेरी यंत्रात सुमारे 1.2 भाग गारवा मिळतो. म्हणून केवळ त्यासाठी महाग इंधन जाळणे बहुधा परवडत नाही. आणि पाणी गोठत असल्यामुळे बर्फासाठी हे यंत्र चालत नाही, तेथे अमोनियाच लागतो. जेथे उष्णता वाया जात आहे, तेथेच त्याचे खरे स्थान. हा हिशेब मुळात अर्थशास्त्राचा आहे, आणि कंपनीचे प्रमुख अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते, हा मला मोठा योग वाटतो.

ऊर्जा आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार ही आगा यांच्या काळात कंपनीची दिशा ठरली. आजारानंतर ज्या माणसाला अक्षरे नव्याने शिकावी लागली, त्याने पुढे व्यवस्थापनावर ‘चेंजिंग द माइंडसेट’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. 1995 मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले. दुसऱ्याच वर्षी, 1996 मध्ये, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अनुताईंनी कंपनीची धुरा उचलली. सुमारे वर्षभराने त्यांचा तरुण मुलगा कुरुश अपघातात गेला. तशाही स्थितीत त्यांनी कंपनी सावरली आणि 2004 मध्ये अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. शोषणयंत्रांसाठी कंपनीने 2018 मध्ये आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे स्वतंत्र कारखाना सुरू केला. तो पाहायला आगा हयात नव्हते.

आता वाकडेवाडीवरून बस जाते तेव्हा मला बॉयलरपेक्षा तो अक्षरे गिरवणारा माणूस आठवतो. हे सारे आईला सांगितले, तेव्हा तिने यंत्राबद्दल काहीच विचारले नाही. इतका शिकलेला माणूस पुन्हा लिहायला किती दिवसांत शिकला, एवढेच तिने विचारले. नेमके दिवस मला सांगता आले नाहीत. पण पुढे त्यांनी पुस्तक लिहिले एवढे सांगितले. त्या संध्याकाळी आईने पाटी काढली, आणि दार उघडेच ठेवले.