कवी वल्लत्तोळ आणि त्यांची नाचाची शाळा

आज मी तुम्हांला कवी वल्लत्तोळ नारायण मेनन यांची माहिती सांगणार आहे.

त्यांचा जन्म १६ ऑक्टोबर १८७८ रोजी केरळात तिरूरजवळच्या चेन्नरा गावी झाला. लहानपणी ते संस्कृत शिकले. पुढे त्यांनी मल्याळम भाषेत पुष्कळ कविता लिहिल्या. तिशीच्या सुमारास त्यांना ऐकू येईनासे झाले. त्या दुःखावर पण त्यांनी कविता लिहिली.

केरळात कथकली नावाचा नाच आहे. त्यात नाचणारा बोलत नाही. हाताच्या मुद्रा आणि डोळे यांनी तो रामायण-महाभारतातली गोष्ट सांगतो. मागे गायक गातात. चेंडा आणि मद्दळम ही वाद्ये वाजतात. चेंडा खांद्याला अडकवून काठ्यांनी वाजवतात. पूर्वी राजे आणि मोठी घराणी कथकलीची मंडळे पोसत. पुढे तो आधार सुटत गेला. गुरू म्हातारे झाले आणि नवी पोरं येईनात. गुरूबरोबर विद्यापण जाणार, हे वल्लत्तोळांनी ओळखले.

मग त्यांनी आणि मुकुंद राजा यांनी पैसे जमवले. त्यासाठी लॉटरीची तिकिटेसुद्धा विकली. १९३० साली त्यांनी केरळ कलामंडलम ही संस्था काढली. काही वर्षांनी ती भारतपुळा नदीकाठी चेरुतुरुत्ती गावी नेली. पट्टिक्कामतोडी रावुण्णी मेनन यांच्यासारखे नामांकित गुरू तिथे शिकवायला आले. मुले पहाटे उठून सराव करीत. नुसत्या डोळ्यांचा सराव वेगळा असे. चेंडा शिकणाऱ्याच्या हाती लगेच चेंडा देत नाहीत. आधी दगडावर नाहीतर लाकडावर काठी मारून हात बसवावा लागतो. मुलींचा मोहिनीआट्टम हा नाचही तिथे पुन्हा उभा राहिला. तिथे शिकलेले कलाकार आपल्या नावाआधी कलामंडलम लावतात. कलामंडलम कृष्णन नायर आणि कलामंडलम रामनकुट्टी नायर हे असेच मोठे कलाकार झाले.

वल्लत्तोळांना १९५४ साली पद्मभूषण मिळाले. १३ मार्च १९५८ रोजी ते वारले. त्यांची शाळा आज अभिमत विद्यापीठ आहे.

बाईंनी ही माहिती सांगितली तेव्हा मला माझा आज्जा आठवला. आज्जा गजी नाचात ढोल वाजवतो. आता त्याला कमी ऐकू येतं. आमच्या गावात गजीचे ढोल चार आहेत, पण वाजवणारे दोनच राहिलेत. आज्जा मला सारखा शिक म्हणायचा आणि मी खेळायला पळून जायचो. मला वाटायचं, ऐकू येत नाही तर तो काय शिकवणार? पण वल्लत्तोळांना गाणं ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनी गाण्याची आणि नाचाची शाळा काढली. मला माझी लाज वाटली.

आता मी आणि माझा मित्र रोज संध्याकाळी आज्जाकडे बसतो. आज्जा आमच्या हातांकडे बघतो आणि चुकलं की लगेच ओळखतो. अजून ढोल दिला नाही, फळीवरच वाजवतो. पालकांनो, अजून दोन ढोल रिकामे आहेत. तुमच्या मुलामुलींना पाठवा.



– इयत्ता ४ थी