मोजणीत न आलेली वर्षे

इंग्लंडच्या फुटबॉल संघातून बारा सामने खेळूनही अधिकृत नोंदीत ज्यांच्या नावापुढे एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही, असे एक खेळाडू होऊन गेले. त्यांचे नाव डेनिस कॉम्प्टन. आपल्याकडील बहुतेकांना हे नाव क्रिकेटमुळे ठाऊक आहे. इंदूर आणि मुंबई येथील जुन्या मंडळींनी तर त्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांकडून पुष्कळ ऐकले असेल. परंतु ते आर्सेनल या नामांकित संघाचे फुटबॉलपटूही होते, आणि त्यांच्या आयुष्याची खरी गोष्ट फुटबॉलच्या बाजूने पाहिली म्हणजे अधिक स्पष्ट दिसते.

डेनिस यांचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनच्या उत्तरेकडील हेंडन येथे एका कामकरी कुटुंबात झाला. वडील रंगकाम करीत, आणि पुढे ते लॉरी चालवू लागले. थोरले बंधू लेस्ली हे सुमारे सहा वर्षांनी मोठे. दोघे भाऊ रस्त्यातच खेळायला शिकले. वयाच्या चौदाव्या वर्षी, १९३२ साली, शाळकरी मुलांच्या एका सामन्यात डेनिस यांनी लॉर्ड्सच्या मैदानावर शतक काढले. लगेचच त्यांना तेथे नोकरी मिळाली. नोकरी म्हणजे मैदानावरचा जड रोलर ओढणे, धावफलकाचे कागद विकणे आणि उरल्या वेळात सराव करणे. हिवाळ्यात आर्सेनल संघाने त्यांना आपल्या तरुण खेळाडूंत घेतले. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल असा हा क्रम पुढे अनेक वर्षे चालला.

१९३६ साली, अठराव्या वर्षी, ते मिडलसेक्सच्या क्रिकेट संघात आले. त्याच वर्षी सप्टेंबरात डर्बी काउंटीविरुद्ध आर्सेनलकडून त्यांनी पहिला लीग सामना खेळला व त्यात एक गोलही केला. ते डाव्या कडेने, म्हणजे लेफ्ट आउट म्हणून खेळत. १९३८ साली, वीस वर्षांचे असताना, त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी शतक काढले. इतक्या लहान वयात कसोटी शतक काढणारा इंग्लंडचा खेळाडू तोवर झाला नव्हता. त्याच वर्षी फुटबॉलच्या मैदानावर चार्ल्टन संघाच्या गोलकीपरशी त्यांची टक्कर झाली आणि गुडघा दुखावला. त्या वेळी या दुखण्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध जाहीर झाले. कॉम्प्टन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. खेळाडूच्या आयुष्यातील एकवीस ते सत्तावीस हा काळ म्हणजे ऐन भराचा. तोच काळ युद्धाने घेतला. कसोटी सामने बंद झाले, फुटबॉलची नेहमीची लीगही बंद झाली. आर्सेनलचे हायबरी मैदान नागरी संरक्षणाच्या कामासाठी घेण्यात आले, तेव्हा या संघाला आपले सामने शेजारच्या प्रतिस्पर्धी टॉटनहॅम संघाच्या मैदानावर खेळावे लागले. खेळाडू सैन्यात पांगले होते. जो रजेवर येईल तो खेळे.

कॉम्प्टन सैन्यात व्यायामशिक्षक झाले. रजा मिळेल तेव्हा ते आर्सेनलसाठी धावत येत. १९४३ साली वेंब्ली येथे दक्षिण विभागाच्या युद्धकालीन कपाच्या अंतिम सामन्यात आर्सेनलने चार्ल्टनचा ७–१ असा पराभव केला. त्यातील एक गोल कॉम्प्टन यांचा. याच वर्षांत ते इंग्लंडकडून बारा सामने खेळले. परंतु युद्धकाळातील असे सामने अधिकृत धरायचे नाहीत असे ठरलेले होते. बाँबवर्षावाने त्रासलेल्या आणि कामाने थकलेल्या लोकांना घटकाभर विसावा मिळावा हा त्यांचा हेतू होता. त्यामुळे ते बाराही सामने मोजणीबाहेर राहिले.

१९४४ साली त्यांची रवानगी हिंदुस्थानात झाली. इंदूरजवळच्या महू छावणीत ते सैनिकांचे व्यायामशिक्षक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ मध्ये जेथे झाला तेच हे महू. जवळच इंदुरास होळकर संस्थानचा बलाढ्य क्रिकेट संघ होता. सी. के. नायडू हे एकोणपन्नास वर्षांचे कर्णधार, आणि मुश्ताक अली, सी. एस. नायडू यांच्यासारखे खेळाडू त्यांच्या हाताखाली. या संघात कॉम्प्टन यांना जागा मिळाली.

मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई विरुद्ध होळकर असा रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचे असा नियम होता. मुंबईने ४६२ व ७६४ धावा केल्या. दुसऱ्या डावात कर्णधार विजय मर्चंट यांनी एकट्याने २७८ धावा काढल्या. सी. एस. नायडूंनी या सामन्यात ९१७ चेंडू टाकले. होळकरांना जिंकण्यासाठी ८६७ धावा हव्या होत्या. हे अशक्यच होते. तरीही मुश्ताक अलींनी शतक झळकावले आणि कॉम्प्टन शेवटपर्यंत एक बाजू लढवीत राहिले. सगळा संघ ४९२ धावांवर बाद झाला, तेव्हा त्यांच्या नाबाद २४९ धावा झाल्या होत्या. होळकर ३७४ धावांनी हरले. स्वतःच्या देशापासून हजारो मैल दूर, दुसऱ्यांच्या संघासाठी आणि हरणाऱ्या सामन्यातही त्यांनी खेळात कसूर केली नाही.

युद्ध संपले. १९४६ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला आणि ओव्हलच्या कसोटीत पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले. मर्चंट १२८ धावांवर खेळत होते. धाव घेताना घोटाळा झाला. चेंडू कॉम्प्टन यांच्याजवळ होता, पण वाकून उचलून फेकण्याइतका वेळ नव्हता. त्यांनी फुटबॉल मारावा तसा तो पायाने मारला आणि तो थेट यष्ट्यांवर गेला. मर्चंट धावचीत झाले. हायबरीवर कमावलेली कला अशी क्रिकेटच्या कामी आली.

१९४७ साल इंग्लंडला फार कठीण गेले. हिवाळा अतिशय कडक होता, कोळसा अपुरा पडला आणि पावावरही रेशन होते. अशा लोकांनी त्या उन्हाळ्यात मैदाने भरून टाकली. कॉम्प्टन यांनी एका हंगामात ३,८१६ धावा आणि १८ शतके केली. हे दोन्ही विक्रम आजही अबाधित आहेत. मिडलसेक्सने काउंटी विजेतेपद मिळवले. पुढील हिवाळ्यात आर्सेनल फुटबॉल लीगचे विजेते झाले, आणि कॉम्प्टन त्या संघातही होते. लोकांना त्यांच्या धावांपेक्षा धावा काढण्याची रीत अधिक भावे. ते हसतखेळत, पुस्तकी नियम बाजूला ठेवून खेळत. ज्यांनी सहा वर्षे फक्त सायरन ऐकले होते, त्यांना हा मोकळेपणा हवा होता.

माणूस म्हणून ते निर्दोष नव्हते. वेळेचे भान त्यांना नसे. धाव घेताना आधी हो म्हणून मागून नाही म्हणण्याची त्यांची खोड सोबतच्या फलंदाजांना महागात पडे. आलेली पत्रे ते न उघडताच पेटीत टाकीत. पुढे एका हितचिंतकाने ती पेटी उघडली तेव्हा आत वर्षाला दोन हजार पौंड देऊ करणारे एका वर्तमानपत्राचे पत्र निघाले, आणि त्याखाली, उत्तर न आल्याने ती योजना रद्द केल्याचे दुसरे पत्र. त्या हितचिंतकाने मग त्यांचा व्यवहार हाती घेतला.

दरम्यान गुडघ्याने आपली वसुली सुरू केली होती. २९ एप्रिल १९५० रोजी वेंब्ली येथे एफ. ए. कपचा अंतिम सामना लिव्हरपूलशी होता. डाव्या कडेला डेनिस आणि बचावफळीच्या मध्यभागी लेस्ली, असे दोघे भाऊ एकाच संघात होते. पहिल्या अर्ध्या वेळात डेनिस अगदी फिके पडले. मध्यंतरात प्रशिक्षकांनी त्यांना आठवण दिली की फुटबॉलपटू म्हणून आता पंचेचाळीस मिनिटेच उरली आहेत. दुसऱ्या अर्ध्यात ते जुने कॉम्प्टन होऊन खेळले. आर्सेनलने २–० अशी बाजी मारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात लेस्ली यांना वयाच्या अडतिसाव्या वर्षी इंग्लंडकडून पहिला अधिकृत सामना मिळाला. धाकट्या भावाला तो कधीच मिळाला नाही. आर्सेनलकडून त्यांचे अधिकृत लीग सामनेही अवघे ५४. युद्धकाळातले शंभराहून अधिक सामने त्यात धरलेले नाहीत.

त्यानंतरचा ऑस्ट्रेलिया दौरा त्यांना अतिशय वाईट गेला. चार कसोटींत मिळून त्यांच्या ५३ धावा झाल्या. तरीही १९५३ साली ओव्हलवर अ‍ॅशेस परत मिळवून देणारा विजयी फटका त्यांच्याच बॅटमधून निघाला. नोव्हेंबर १९५५ मध्ये डॉक्टरांनी उजव्या गुडघ्याची वाटी काढून टाकली. खेळ संपला असेच सर्वांना वाटले. पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ धावा केल्या. १९५७ साली त्यांनी व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली. नंतर ते वर्तमानपत्रांत लिहीत आणि बी.बी.सी.वर बोलत. २३ एप्रिल १९९७ रोजी ते वारले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतील त्यांच्या स्मरणार्थ उपासनेस यावयाची इच्छा असणारे इतके होते, की जागा पुरली नाही.

त्यांच्या नावावर ७८ कसोटी आणि १७ कसोटी शतके आहेत. युद्ध नसते तर हे आकडे आणखी किती वाढले असते, याचा हिशेब अनेकांनी केला. स्वतः कॉम्प्टन यांनी त्या हिशेबात आयुष्य घालवले नाही. मुलांच्या वर्गात ही कथा सांगताना १८ शतकांचा विक्रम जरूर सांगावा, कारण मुलांना आकडे आवडतात. पण त्याबरोबर ते बारा सामनेही सांगावेत. मोजले जाणार नाहीत हे आधीच माहीत असताना ते खेळले गेले, आणि दिवसभराच्या कामाने थकून आलेल्या प्रेक्षकांच्या दृष्टीने ते अगदी खरे सामने होते.