सम्राट अशोकाचा मुदपाकखाना

मुलांनो, भारताच्या झेंड्यावरचं चक्र तुम्ही सगळे ओळखता. ते ज्याच्या सारनाथच्या स्तंभावरून घेतलं, त्या सम्राट अशोकाच्या लढाईची गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. आम्ही मात्र आज तुम्हाला त्याच्या मुदपाकखान्यात, म्हणजे राजवाड्याच्या स्वयंपाकघरात नेणार आहोत.

अशोक इ. स. पूर्व २६८ च्या सुमारास मगधाच्या गादीवर बसला. आठ वर्षांनी त्याने कलिंग, म्हणजे आजच्या ओडिशाचा मुलूख, जिंकला. त्यात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख धरून नेली. हे आकडे त्याने स्वतःच दगडावर कोरून घेतले आणि आपल्याला झालेलं दुःखही. तो बुद्धाच्या मार्गाला लागला.

पण पश्चात्ताप झाला, तरी दुसऱ्या दिवशी जेवायला काय करायचं? पूर्वी राजाच्या स्वयंपाकासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, असं त्याचा पहिला शिलालेख सांगतो. (लाखो हा आकडा आम्हाला जरा फुगवलेला वाटतो!) ते आता तिनावर आले होते: दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. पुढे हे तीनही बंद होतील, असं त्याने जाहीर केलं. आम्हा इंजिनिअर मंडळींना इथेच अशोक आवडतो. काम अपुरं होतं, पण उरलेला आकडा त्याने लपवला नाही.

शिकारीच्या सहली बंद करून तो बोधगयेला गेला; वृद्धांना, खेड्यातल्या लोकांना भेटू लागला. रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खणल्या. माणसांसाठी आणि जनावरांसाठीही औषधी झाडं, जिथे नव्हती तिथे आणून लावली. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावर मारू नयेत अशा प्राण्यांची यादीच काढली: पोपट, मैना, वटवाघूळ, गेंडा. जंगल विनाकारण पेटवायचं नाही. किडे असलेला भुसासुद्धा जाळायचा नाही. भुशातल्या किड्यांची काळजी करणारा दुसरा सम्राट आम्हाला तरी ठाऊक नाही.

शिकार सोडल्याचं सांगणाऱ्या आठव्या लेखाचा एक तुकडा १८८२ साली आपल्या मुंबईजवळ, सोपाऱ्याला सापडला. तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आजी-आजोबांकडे जाल तेव्हा जरूर बघा. लिपी ब्राह्मी आहे, आपल्या देवनागरीची पणजी. त्यातला 'क' शोधायला अगदी सोपा: गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा दिसतो.